आखणीविना गोधडी : वाशिंदच्या चिंध्या आणि जपानचा बोरो

गोधडी शिवायला बसणारी बाई आधी कागदावर काही काढत नाही. समोर जुन्या लुगड्यांचा थर पसरलेला असतो, बाजूला चिंध्यांचं बोचकं. हाताला आलेलं ठिगळ जिथे बसेल तिथे बसवायचं, उरलेली फट पुढच्या ठिगळाने भरायची. अमेरिका-युरोपात अशा आखणीविना शिवण्याला ‘इम्प्रोव्ह क्विल्टिंग’ म्हणतात. त्यावर पुस्तकं निघतात, पैसे भरून शिकायचे वर्ग चालतात, आणि शिकणाऱ्यांपैकी बरीच मंडळी जपानी कापडाच्या, जपानी ठिगळकामाच्या प्रेमात असतात.

ठाणे जिल्ह्यातल्या वाशिंद-शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात हे कुणाला सांगितलं तर हसू येईल. म्हशाच्या यात्रेतून आणलेली घोंगडी पावसात डोक्यावर आणि घरी शिवलेली गोधडी रात्री अंगावर, ही इथली जुनी रीत. मग जपानकडून घ्यायचं काय? माझ्या मते टाका उसना आणायची गरज नाही, तो आपल्याकडे आहे. घ्यायचा तो रंगातला आवर, आणि ठिगळ कुठे लावायचं नाही याची समज. त्यासाठी दोन्हीकडचं काम आधी जवळून बघायला हवं.

माप कापडानेच ठरवलेलं

रजईत किंवा दुलईत पिंजलेला कापूस भरतात. गोधडीत तो नसतो. कापडावर कापड अंथरायचं. थरांमध्ये अडकलेली हवाच ऊब देते. नऊवारी लुगडं सुमारे सव्वाआठ मीटर लांब. त्याच्या चार घड्या घातल्या की दोन मीटरांहून किंचित जास्त लांबी मिळते, उंच माणूसही पाय पसरून झोपेल एवढी. रुंदी लुगड्याच्या पन्ह्याची. आजच्या साडेपाच मीटरच्या साडीच्या तीन घड्या घातल्या तर लांबी एक मीटर ऐंशी सेंटिमीटरच्या आसपास येते आणि उंच माणसाचे पाय उघडे पडतात. सहावारी आल्यावर गोधडीचं गणित बिघडलं ते असं.

आखणी नसली तरी शिस्त कडक आहे. थर अंगणात पसरून हाताने सारखे करायचे, कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, मोठमोठे कच्चे टाके घालून सगळं एकत्र धरायचं. मग बाहेरच्या कडेपासून धावदोरा सुरू. कडेला समांतर एक फेरी, तिच्या आत दुसरी, असं करत मध्यापर्यंत. काही जणी सरळ उभ्या रेघाच घालतात. कच्चे टाके आळसाने गाळले तर कापड आत सरकत जातं आणि शेवटी मध्यावर फुगा येतो. तो दाबून बसत नाही, उसवावंच लागतं.

एक हिशेब करून बघा. दोन मीटर लांब, एक मीटर दहा सेंटिमीटर रुंद अशी गोधडी आणि फेऱ्यांमध्ये दोन सेंटिमीटरचं अंतर. शिवणीची एकूण लांबी होते ११० मीटर. सेंटिमीटरला एक टाका धरला तर ११,००० टाके, तेही चार-पाच थरांतून सुई काढत. फेऱ्या निम्म्या अंतरावर घेतल्या तर दुप्पट. गोधडी शिवून देणाऱ्या बाईशी मजुरीची घासाघीस करण्यापूर्वी हा आकडा मनात आणलेला बरा.

पाश्चात्त्य क्विल्टची घडण वेगळी. तिथे वरचा थर आधी स्वतंत्र जोडून घेतात, बहुधा मशीनवर. मग मध्ये भरण, खाली अस्तर, आणि तिन्ही थर एकत्र शिवणं. ‘इम्प्रोव्ह’ म्हणजे वरचा थर साच्याशिवाय, मोजपट्टी फारशी न लावता जोडणं. या प्रकाराला मान मिळवून देण्यात अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या नदीकाठच्या वस्तीचा वाटा मोठा आहे. कापसाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून राबलेल्यांच्या वंशातल्या या कृष्णवर्णीय बायका. शेतात वापरून विटलेल्या विजारी आणि सदरे फाडून त्यांनी घरच्यांना ऊब मिळावी म्हणून क्विल्ट शिवल्या. २००२ साली ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं, मग ते न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात गेलं, आणि समीक्षक त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रांशी करू लागले.

कवंदी : बाहेरून आत

आपल्या शेजारीच याहून धीट उदाहरण आहे. कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक राहतात. घरात कोकणी-मराठीला जवळची बोली बोलतात. त्यांच्या बायका शिवतात ती कवंदी. तिच्यात वरचा थर वेगळा जोडत नाहीत. खाली जुनी साडी अंथरतात आणि एका कोपऱ्यापासून ठिगळ ठेवत, त्याची कड आत दुमडत, लगेच सगळ्या थरांतून धावदोरा घालत पुढे जातात. ठिगळ लावणं आणि शिवणं एकाच वेळी. चारी कडा पूर्ण झाल्या की आतली फेरी, आणि असं करत मध्य गाठायचा. कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची छोटी त्रिकोणी ‘फुलं’ लावतात. ती नसतील तर कवंदी नागवी, असं त्या मानतात.

इथे चूक लपवायला जागा नाही. कडेला लाल लावला तर तो लागला, आता आत त्याला जोड शोधा. आखणीविना शिवण्याचा खरा कस हाच, आणि नवशिक्याने याच पद्धतीने सुरुवात करावी असं मी सुचवेन. मशीन नको, मोठी जागा नको, अर्धवट काम गुंडाळून कोपऱ्यात ठेवता येतं.

बोरो : थंडीने आणि कायद्याने घडवलेलं ठिगळ

जपानच्या मुख्य बेटाच्या उत्तर टोकाला आओमोरी हा प्रांत आहे. हिवाळा लांब, बर्फ माणसाच्या उंचीहून जास्त साचणारं. या थंडीत कापूस पिकत नाही. गावकरी भांगेच्या झाडाचा वाख काढून त्याचं कापड विणत. ते टिकाऊ, पण वारा आरपार जाऊ देणारं. शिवाय एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या अडीचशेहून अधिक वर्षांत, कुणी कोणतं कापड आणि कोणता रंग वापरायचा यावर राज्यकर्त्यांची बंधनं होती. रेशीम आणि भडक रंग शेतकऱ्यासाठी नव्हते. निळीत बुडवलेलं कापड चालत असे.

ओसाकाकडून पश्चिम किनाऱ्याने उत्तरेला जाणारी व्यापारी गलबतं इतर मालाबरोबर जुन्या सुती कपड्यांच्या गाठीही नेत. शहरातल्यांनी टाकलेल्या त्या चिंध्या उत्तरेत पैसे देऊन विकत घेतल्या जात. वाखाच्या अंगरख्यावर त्या ठिगळ म्हणून लागत, पुढच्या वर्षी ठिगळावर ठिगळ, मुलाच्या हयातीत आणखी काही. अशा कपड्यांना आणि पांघरुणांना आज ‘बोरो’ म्हणून ओळखतात. त्यातल्या एकेका पांघरुणात दोन-तीन पिढ्यांचे कपडे सापडतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर हातात पैसा आला तसे लोक बोरो फेकू लागले, जाळू लागले. ती गरिबीची खूण होती, पाहुण्यांपुढे लाज आणणारी. चुझाबुरो तानाका (१९३३–२०१३) हे लोकसंस्कृतीचे अभ्यासक १९६०च्या दशकापासून आओमोरीच्या गावांत पायी फिरून असे कपडे गोळा करत राहिले. त्यांच्या संग्रहातल्या वस्तू २००९ ते २०१९ या काळात टोकियोच्या असाकुसा भागातल्या अम्यूझ संग्रहालयात बघायला मिळत. आता बोरोचा जुना तुकडा परदेशातल्या दालनांत चौकटीत लावून विकला जातो. शिवणाऱ्या बाईचं नाव त्या चौकटीखाली क्वचितच असतं. आपल्याकडेही गोधडी शहरातल्या दुकानांत जाऊन बसली आहे, तेव्हा हे लक्षात असू द्यावं.

ठिगळ जोडून वस्त्र करण्याची कल्पना जपानला गरिबीनेच दिली असंही नाही. ती बौद्ध भिक्षूंच्या चीवरातून, म्हणजे त्यांच्या वस्त्रातून, भारतातून गेलेलीच होती. विनयपिटकातल्या कथेप्रमाणे बुद्धांनी मगधातली बांधांनी विभागलेली भातखाचरं आनंदाला दाखवली आणि भिक्षूंसाठी तसं तुकडे जोडलेलं वस्त्र करता येईल का, असं विचारलं. जपानी भिक्षूंच्या ‘केसा’ या वस्त्रात तीच खाचरांची मांडणी आजही शिवतात. वाशिंदहून फार दूर नसलेल्या लोनाडच्या लेण्यात कधीकाळी राहिलेल्या भिक्षूंच्या अंगावरही असंच तुकड्यांचं चीवर असणार.

साशिको : तोच धावदोरा, वेगळं वळण

बोरोतली ठिगळं ज्या टाक्याने धरलेली असतात तो साशिको. टाका आपला साधा धावदोराच. पांढरा, सैल पिळाचा जाड सुती दोरा आणि लांब सुई. कापड सुईवर चुणत न्यायचं, एका वेळी पाच-सहा टाके भरायचे आणि मग दोरा ओढायचा. वरचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, खालचा त्याहून जरा आखूड. दोरा ओढल्यावर कापड बोटांनी ताणून सारखं करायचं, नाहीतर धुतल्यावर चुण्या पडतात.

नक्षीचे नियम मात्र ठरलेले असतात. ‘आसानोहा’ ही भांगेच्या झाडाच्या पानावरून आलेली ताऱ्यांची जाळी, ‘सेइगाइहा’ म्हणजे एकावर एक रचलेल्या अर्धगोल लाटा, ‘शिप्पो’ म्हणजे एकमेकांत अडकलेली वर्तुळं. चौकटी आखूनच ती काढतात. अनेक रेघा जिथे एकत्र येतात त्या बिंदूवर टाके एकमेकांवर चढू द्यायचे नाहीत, मध्य थोडा मोकळा ठेवायचा. उत्तरेतल्या त्सुगारू भागात ‘कोगिन’ नावाचा आणखी एक प्रकार आहे, त्यात वाखाच्या कापडाचे धागे मोजून भरगच्च टाके भरतात. कापडाची जाळी बंद व्हावी आणि वारा अडावा हा मूळ हेतू.

वाशिंदवरून गेलेला कापूस

जपानच्या या कापडाशी वाशिंदचाही एक धागा जोडलेला आहे, रेल्वेचा. कल्याणहून निघालेली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे १ ऑक्टोबर १८५५ रोजी वाशिंदला पोहोचली आणि जवळपास साडेचार वर्षं इथेच थांबली. १८६०मध्ये आसनगाव आणि १८६१मध्ये कसारा. थळ घाट चढून गाडी वर गेली १८६५मध्ये. तिथून पुढे खानदेश-वऱ्हाडचा कापूस याच रुळांवरून मुंबई बंदरात उतरू लागला. १८९३मध्ये जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने निप्पोन युसेन कैशा या जपानी कंपनीने मुंबईची आगबोट सुरू केली. तिचा मुख्य माल भारतीय कापूस, आणि गिऱ्हाईक जपानच्या नव्या सूतगिरण्या.

तिकडे टोकियोहून निघालेली रेल्वे १८९१मध्ये आओमोरीला पोहोचली. गिरणीचं स्वस्त सुती कापड उत्तरेत आलं, वाखाचं विणकाम मागे पडलं आणि त्याबरोबर कोगिनही. म्हणजे वऱ्हाडातला कापूस वाशिंदचं स्टेशन ओलांडून जपानी गिरण्यांत जात होता, त्याच काळात त्या गिरण्यांचं कापड उत्तरेतली जुनी कला संपवत होतं. कापडाच्या इतिहासात असे धागे फार सापडतात. त्याआधीही पोर्तुगीज आणि डच जहाजांनी भारतातलं छापील सुती कापड जपानला नेलं होतं. तिथे त्याला ‘सारासा’ म्हणत आणि चहाच्या समारंभातली मौल्यवान भांडी ठेवायच्या पिशव्या त्यातून शिवत. आज ‘जपानी प्रिंट’ म्हणून आपण ज्याकडे ओढले जातो त्यातल्या काहींचं मूळ कोरोमंडलच्या किनाऱ्यावर आहे.

पन्हा, रंग आणि मोकळी जागा

जपानी ठिगळकाम शांत का दिसतं, याचं पहिलं कारण अगदी व्यवहारी आहे. किमोनोचं कापड सुमारे ३६ सेंटिमीटर पन्ह्याचं असतं. ते सरळ कापतात, गोलाई देऊन फारसं वाया घालवत नाहीत, आणि पूर्वी धुवायच्या वेळी किमोनो उसवून त्याच्या पट्ट्या पुन्हा सुट्या करत. त्यामुळे चिंधीही लांबट, सरळ कडांची. आपल्या बोचक्यात मात्र शिंप्याकडचे ब्लाउजचे तुकडे, म्हणजे बगलेचे आणि गळ्याचे वाकडे त्रिकोण. जपानी वळणाची गोधडी हवी असेल तर ते बाजूला ठेवा. जुनी धोतरं, चादरी, सदऱ्याची पाठ, परकराचा घेर यांतून सरळ पट्ट्या काढा. कात्रीने थोडी खाच द्या आणि हाताने फाडा. सुती कापड धाग्याच्या रेघेत फाटतं, त्यामुळे ठिगळ तिरकं ओढत नाही.

दुसरं कारण रंग. निळीच्या पिंपात कापड जितक्या वेळा बुडवाल तितकी छटा गडद, आणि वापराने ती फिकी होत जाते. एकाच रंगात आभाळी निळ्यापासून काळसर निळ्यापर्यंत सगळं मिळतं. आपल्या गोधडीत लाल, पिवळा, हिरवा, जांभळा एकत्र नांदतात आणि त्याचीही मजा आहे. पण जपानी रीत करून बघायची असेल तर तीन निळ्या, एक मळकट पांढरा आणि चवीपुरता एक लाल, एवढ्यावर थांबा. रंगापेक्षा गडद-फिकं बघा. मांडलेल्या ठिगळांचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढला की चूक चटकन दिसते.

तिसरी गोष्ट मोकळ्या जागेची. आपला हात रिकामी जागा दिसली की भरतो. इथे निदान एक-तृतीयांश भाग साधा सोडा, एकाच कापडाचा, नुसत्या टाक्यांचा. ठिगळं एका बाजूला गोळा होऊ द्या. मधोमध ठिगळ लावण्याचा मोह टाळा. लाल एकाच ठिकाणी, आणि तेही कडेजवळ.

ठिगळं छापलेलं कापडही बाजारात मिळतं. बोरोसारखं दिसावं म्हणून यंत्राने छापलेलं. फाटलेलं काहीच नाही आणि ठिगळ मात्र आहे, असा हा प्रकार मला कळत नाही.

कापड कुठून आणायचं

पहिली जागा घरातली ट्रंक. विरळ झालेलं लुगडं आतल्या थराला उत्तम, सुई त्यातून लोण्यासारखी जाते असं म्हातारी माणसं सांगतात ते खरं आहे. निळ्या रंगासाठी मात्र जपानी कापड मागवायची गरज नाही. शहाडला उतरलं की उल्हासनगर. तिथल्या जीन्सच्या धंद्यात डेनिमची कातरण निघत असते. जीन्सचा निळा रंग म्हणजे नीळच, १८९७पासून कारखान्यात होणारी. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या जीन्स त्याहून चांगल्या. फक्त डेनिमखाली दोनच थर ठेवा, नाहीतर सुई मोडेल आणि बोटही सोलेल.

भिवंडीच्या मागांवरचा माल घेताना सूत आहे की पॉलिएस्टर हे तपासा. एक धागा ओढून काडीपेटीने जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो, मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. आपल्या दमट हवेत पॉलिएस्टरचं पांघरूण अंगाला चिकटतं, घाम शोषत नाही. सिंथेटिक साडी फारच जिव्हाळ्याची असेल तर तिचं एखादं ठिगळ वरच्या बाजूला चालेल, आतला थर म्हणून नको.

मांडायला बसताना

पहिलं काम दुपट्याएवढं घ्या, एक मीटर बाय पाऊण मीटर. सगळं कापड आधी धुऊन वाळवा, म्हणजे आटायचं ते आटेल. भाताची कामं संपल्यापासून पाऊस येईपर्यंतचे महिने याला बरे, जमीन कोरडी असते आणि थरांत ओल राहत नाही.

तळाशी अस्तर, वर दोन किंवा तीन थर. कच्चे टाके वीतभर अंतरावर, उभे आणि आडवे. मग कडेपासून ठिगळं, कवंदीच्या रीतीने. कड बोटाच्या पेराएवढी आत दुमडा. पहिल्या फेरीत गडद निळे ठेवा, आत जाताना फिके होऊ द्या, किंवा उलट. पण एकदा दिशा धरली की निम्म्या कामापर्यंत ती बदलू नका, नंतर खुशाल मोडा. दोरा पांढरा, जाड, दुपदरी. फेऱ्यांमधलं अंतर डोळ्याने ठरवा. मोजपट्टी लागलीच तर ती शेवटी, साशिकोच्या एखाद्या नक्षीसाठी. मोकळ्या ठेवलेल्या जागेत आसानोहाचा एखादा तुकडा खडूने आखून भरला तर बाकीच्या मुक्त टाक्यांपुढे तो उठून दिसतो. सगळीकडे भरला तर दोन्हींची गंमत जाते.

शिवता शिवता ठिगळ चुकलं असं वाटलं तर उसवू नका, त्यावर दुसरं लहान ठिगळ लावा. बोरोची अर्धी शोभा यातूनच आली आहे. दोरा संपला तर वर गाठ दिसू द्यायची नाही. जुने तीन-चार टाके दुहेरी घालून नवा दोरा सुरू करा, धुण्यात गाठीपेक्षा ते जास्त टिकतं.

धुणं

घट बसण्याआधी गोधड्या धुवायची आपली चाल आहे. भातसा नदी जवळ असली तरी शहापूर तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची मारामार, आणि पाच थरांची गोधडी पाणी पिते भरपूर, ती पुन्हा पुन्हा धुणं परवडत नाही. म्हणून निळीच्या गोधडीसाठी एक गोष्ट आधीच करा. डेनिम आणि गडद निळे तुकडे शिवण्यापूर्वी वेगळे भिजवा, पाणी नितळ येईपर्यंत. नाहीतर पहिल्याच धुण्यात पांढरा दोरा निळसर होतो आणि टाक्यांची सगळी मेहनत दिसेनाशी होते. गोधडी पिळायची नाही, दगडावर आपटायची नाही. पायाने तुडवून मळ काढायचा, घडी घालून पाणी निथळू द्यायचं आणि दोन दोऱ्यांवर आडवी पसरायची, म्हणजे ओल्या वजनाने टाके ताणले जात नाहीत. उलटी बाजू उन्हाला. निळा रंग उन्हात लवकर उडतो. तसा उडालेलाच हवा असेल तर सुलटी टाका.